घरच्या डॉलीची स्पर्धा घरच्या डॉलीचीच राहू दे

आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या व्हिडिओवाल्या मंडळींत सध्या एकच विषय चालू आहे. घरी कॅमेरा डॉली, म्हणजे कॅमेरा रुळावरून सरकवणारी चाकांची फळी, बनवून शूट करणाऱ्यांसाठी स्पर्धा घ्यायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. वाद नियमांवर अडलाय. "गिंबल, ड्रोन, विकतचा स्लायडर, सगळ्यांना येऊ दे, प्रवेशिका तरी वाढतील," असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. (गिंबल म्हणजे कॅमेरा हातात स्थिर ठेवणारी मोटारींची मूठ, स्लायडर म्हणजे कॅमेरा सरकवायचा छोटा तयार रूळ.) माझा याला ठाम विरोध आहे. पोस्ट लांब होणार आहे, पण नियम पक्के व्हायच्या आत हे बोलून टाकायला हवं.

आपल्याकडचे व्हिडिओ आठवून बघा. वरून दिसणारा निळा समुद्र, माडांची रांग, वाळूवर पसरणारी लाट आणि त्यावर ढणाढणा म्युझिक. गुहागर आहे की वेंगुर्ला, खाली नाव लिहिलं नसेल तर ओळखता येत नाही. ड्रोनवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांच्यासाठी स्पर्धा आहेतच. पण ड्रोन पडवीत शिरत नाही. गोठ्यात, खळ्यात, देवळाच्या सभामंडपात, होडीच्या सावलीत बसून जाळं विणणाऱ्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर जे कोकण आहे, ते दाखवायला जमिनीलगत, सावकाश सरकणारा कॅमेरा लागतो.

गिंबलनेही ते होईल की, असं कुणी म्हणेल. पूर्ण होत नाही. गिंबलच्या मोटारी कॅमेऱ्याचं कलणं आणि वळणं सावरतात, चालताना पावलागणिक होणारी वरखाली मात्र राहतेच. हा झाला तांत्रिक भाग. मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच. डॉली लावायची म्हणजे आधी रूळ टाकायला लागतात. रूळ टाकायचे म्हणजे शॉट कुठून निघणार, वाटेत काय काय येणार आणि कुठे थांबणार, हे कॅमेरा चालू करायच्या आधी ठरवायला लागतं. गिंबल हातात असला की माणूस हिंडत राहतो आणि निवड एडिटिंगवर ढकलतो. डॉलीत ती सोय नाही. ही शिस्तच आपल्या पोरांना लागायला हवी, आणि स्पर्धेचा उपयोग असेल तर तो हाच.

गेल्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा दिलेल्या एका मुलाने मला त्याचा शॉट दाखवला. घराची पडवी. आजी खाली बसून रातांबे फोडतेय, बाजूला सुपात सोलं पसरलेली. कॅमेरा पडवीच्या बाहेरून, खांबांच्या पलीकडून सरकतो. जवळचे खांब झपाझप मागे जातात, आजी हळूहळू सरकते, आणि तिच्या मागचा माजघराचा दरवाजा जवळजवळ जागचा हलत नाही. सपाट पडद्यावर घराची खोली दिसते ती यामुळे. शेवटी कॅमेरा थांबतो तो तिच्या बोटांवर. रसाने लाल झालेली, नखांच्या कडा काळपट पडलेल्या. म्युझिक नाही. सुरीचा आवाज आणि मागे कुठेतरी कोंबडी. एवढंच आहे, आणि मी तो परत परत बघितला.

त्याची डॉली काय होती? बारा मिलिमीटरची प्लायवूडची फळी. खाली चार कोपऱ्यांना ॲल्युमिनियमच्या अँगलचे चार तुकडे, घराच्या कौलारू छपरासारखे पालथे, आणि प्रत्येकाच्या दोन्ही उतारांना आतून एकेक स्केटिंगचं चाक. चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग, भोक ८ मिलिमीटरचं, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला साधा आठचा बोल्ट थेट बसतो. रूळ म्हणून वाडीला पाणी न्यायचे दोन पीव्हीसी पाईप. चाकं दोन्ही बाजूंनी पाईपला धरून चालतात, त्यामुळे फळी रुळावरून उतरत नाही. नुसतं लोखंडी बेअरिंगही पाईपवर चालतं, पण खरखरतं आणि तो आवाज माईकमध्ये उतरतो. पाईपच्या जोडावर चाक टक्‌कन उडतं, म्हणून त्याने आत लाकडाचा गुळगुळीत दांडका घालून सांधा जुळवला होता आणि वरून कानस मारली होती. जांभ्याची जमीन कुठेच सपाट नसते, म्हणून रुळाखाली पाचरी आणि वर गवंड्याची लेव्हल. दुपारच्या उन्हात पीव्हीसी नरम पडून मधे झोल खातो, म्हणून शूटिंग सकाळी लवकर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या कामात शिष्य विष्णुपंत दामले सोबत होते. मराठी सिनेमाची एक मोठी वाट त्या हाताने केलेल्या कॅमेऱ्यातून निघाली. म्हणून "घरची" या शब्दाला मी एवढा चिकटून बसलोय.

आता नियमांचं. एकच सलग शॉट, मधे कट नाही. दोन मिनिटांच्या आत. वरून म्युझिक चढवायचं नाही, जागेवरचा आवाज ठेवायचा. स्लो मोशन नको, त्याने हाताचा थरथराट लपतो. मोबाईलवर शूट केलेलं चालेल, कॅमेऱ्याच्या किमतीवर एक गुणसुद्धा देऊ नका. डॉलीचा एक फोटो सोबत, पण शॉट बघून होईपर्यंत परीक्षकांना तो दाखवू नये. उत्तम डॉलीला वेगळं बक्षीस ठेवा, आणि ते ठरवायला गावातला एक जाणता सुतार बसवा. बक्षीस रोख नको. चांगलं ड्रिल मशीन द्या, पुढच्या वर्षी त्यातून आणखी चार डॉल्या होतील.

दोन गोष्टींवर मात्र अजिबात सूट नको. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या काळात रूळ टाकायचे नाहीत. नोव्हेंबर ते मार्च मादी अंडी घालायला येते, पिल्लं त्यानंतर मेपर्यंत निघत राहतात. वाळूत घरटं कुठे आहे ते वरून दिसत नाही आणि दिव्यांनी पिल्लांची दिशा चुकते. दुसरं, हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळी लिलाव चालू असताना माणसांच्या पायात पाईप आडवे घालायचे नाहीत. ते त्यांचं पोट आहे. लिलाव टिपायचा असेल तर आधी विचारा, बाजूला जागा मागा. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

किनाऱ्यावर पहिल्यांदाच रूळ टाकणाऱ्यांसाठी थोडं. कोरड्या वाळूत पाईप रुततो, ओहोटीनंतरची ओली वाळू टणक असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत जातं आणि तेवढंच वरही येतं, नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, बघावा. आणि घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, पुसा, बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. खाऱ्या हवेत दुर्लक्ष झालं की ती गंजून धरतात.

येत्या बैठकीत मी हे सगळं मांडणार आहे. प्रवेशिका कमी येतील ही भीती मला पटत नाही. कमी येण्याचं कारण नियम नसून डॉली कशी करायची हे माहीत नसणं आहे, आणि त्यावर उपाय आहे. ज्यांना करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी आमच्या अंगणात या. अँगल कापायला ग्राइंडर आहे, भोकं मी पाडून देईन. फळी आणि चाकं तेवढी घेऊन या.