ओबामा दोनदा जिंकले, म्हणून काय सिद्ध झालं?

अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरलेला असतो. न्यू जर्सीतल्या आतेभावापासून पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत तो थोड्याफार फरकाने फिरतो. थोडक्यात असा: ‘ज्या देशात तीन चतुर्थांश मतदार गोरे, त्या देशाने ओबामांना दोनदा निवडून दिलं. त्याच मतदारांनी पुढे ट्रम्पना मत दिलं, ते नोकऱ्या गेल्या म्हणून. रंग बघून मत कोण देत असेल तर काळेच. ९५ टक्के ओबामांना. आता तर काळे आणि लॅटिनोही ट्रम्पकडे चाललेत. वर्णद्वेष वगैरे हे हरलेल्या डेमोक्रॅट पक्षाचं रडगाणं आहे. आणि गुलामगिरी टिकवायला लढणारा पक्ष तरी कोणता होता?’

यातली बरीचशी विधानं सुटी सुटी घेतली तर खरी आहेत, म्हणूनच हा मजकूर इतकी वर्षं टिकलाय. गफलत त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. या मजकुराला वाटतं की वर्णद्वेष म्हणजे मतदाराच्या कपाळावरचा शिक्का. असला तर कायमचा, नाहीतर नाहीच. निवडणुकीत प्रश्न वेगळा असतो. उमेदवाराच्या रंगामुळे, किंवा रंगाचा मुद्दा तापवल्यामुळे, किती मतं कुठून कुठे सरकली? जिंकलेल्या उमेदवाराचीही सरकलेली असू शकतात.

ओबामांपासूनच सुरुवात करू. एक्झिट पोलनुसार २००८ मध्ये गोऱ्या मतदारांपैकी ४३ टक्के ओबामांकडे गेले, ५५ टक्के रिपब्लिकन जॉन मॅकेनकडे. २०१२ मध्ये हेच प्रमाण ३९ विरुद्ध ५९ झालं. म्हणजे ‘गोऱ्यांनी निवडून दिलं’ हे मुळातच खरं नाही. फक्त गोऱ्यांनी मतदान केलं असतं तर ओबामा दोन्ही वेळा हरले असते. पण एवढ्यावरून उलट बाजूने उड्या मारायचंही कारण नाही. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन जिंकले, त्यानंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत. २००४ मध्ये जॉन केरी यांना, जे स्वतः गोरे होते, ४१ टक्केच मिळाली होती. त्यामुळे देशभराचा आकडा कुणाच्याच बाजूने फारसं बोलत नाही. नकाशा बोलतो.

२००८ च्या निवडणुकीआधी सात आठवडे लीमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली होती आणि रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांची लोकप्रियता तळाला गेली होती. साहजिकच देशभर ओबामांना केरींपेक्षा साडेचार टक्के मतं जास्त पडली. असं वारं असताना अर्कान्सामध्ये मात्र डेमोक्रॅट मतं ४४.५ टक्क्यांवरून ३९ च्या खाली आली. टेनेसी, लुइझियाना, वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगराळ जिल्हे, सगळीकडे कमीअधिक घसरण. अलाबामात गोऱ्यांमधली डेमोक्रॅट मतं १९ टक्क्यांवरून १० वर आली. पक्ष तोच, आर्थिक परिस्थिती सत्ताधाऱ्यांच्या विरोधात, आणि तरी या पट्ट्यात लोक उलट्या दिशेने गेले. हिलरी क्लिंटन ओबामांकडून प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हरल्याचा राग अर्कान्सात होता असं म्हणता येईल, पण त्याने अलाबामाचा उलगडा होत नाही.

हे नुकसान मोजायचा एक चतुर प्रयत्न सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोवित्झ या अर्थतज्ज्ञाने केला. सर्वेक्षणात ‘मी वर्णद्वेष्टा आहे’ असं कोण सांगणार? म्हणून त्याने गूगल उघडलं. काळ्यांसाठीची शिवी असलेले शोध कुठल्या भागात किती होतात हे पाहिलं आणि त्या भागांत ओबामांची मतं केरींच्या तुलनेत किती घटली हे ताडून बघितलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात अंदाज आहे तो दोन्ही निवडणुकांत सुमारे ४ टक्के मतांच्या नुकसानीचा. ही शिवी फक्त दक्षिणेत शोधली जात नव्हती. पश्चिम पेनसिल्व्हेनिया, पूर्व ओहायो, न्यूयॉर्क राज्याचा उत्तरेकडचा भाग हेही त्या यादीत वर होते. यादीत अव्वल होतं ते वेस्ट व्हर्जिनिया. याच राज्यात २०१२ च्या डेमोक्रॅट प्रायमरीत, पदावर असलेल्या अध्यक्षाविरुद्ध, टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका कैद्याला ४१ टक्के मतं पडली. कोळशाच्या धोरणावरून तिथे ओबामांवर राग होता, हे मान्य. तरी कैद्याला ४१ टक्के!

४ टक्क्यांचा अंदाज थोडा कमी धरा हवं तर. ओबामा २००८ मध्ये ७ टक्क्यांनी जिंकले आणि २०१२ मध्ये जेमतेम ४ टक्क्यांनी. भुर्दंड भरूनही ते जिंकले, याचा अर्थ भुर्दंड नव्हताच असा होत नाही. जानेवारी २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले, तेव्हा ‘चला, जात संपली’ असं कुठल्याही पारावर कुणी म्हटलं नाही. विधानसभेच्या प्रत्येक जागेचं जातीचं गणित तोंडपाठ असलेली आपली मंडळी अमेरिकेच्या बाबतीत एवढी भोळी का होतात, कळत नाही.

आता या मजकुरातला सगळ्यात वजनदार मुद्दा: ‘काळ्या माणसाला मत देणारा माणूस चार वर्षांत वर्णद्वेष्टा कसा होईल?’

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना आणि २०१६ मध्ये ट्रम्पना कौल देणाऱ्या २०६ काउंट्या, म्हणजे जिल्हे, आहेत. एकट्या आयोवात अशा ३१. त्यातली हॉवर्ड काउंटी सुमारे नऊ हजार वस्तीची आणि जवळजवळ सगळी गोरी. तिथे २०१२ मध्ये ओबामा २० हून जास्त टक्क्यांनी पुढे होते आणि २०१६ मध्ये ट्रम्प तेवढ्याच फरकाने पुढे गेले. देशभरात ओबामांच्या २०१२ च्या मतदारांपैकी, वेगवेगळ्या पाहण्यांनुसार, ९ ते १३ टक्के लोक ट्रम्पकडे वळले.

पण माणूस बदलला असं धरायची गरजच नाही. प्रचाराचा विषय बदलला. २०१२ मध्ये ओबामांनी रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नींना कारखाने विकून खाणारा भांडवलदार म्हणून उभं केलं. मोटार कंपन्यांना सरकारी मदत देऊन वाचवू नये म्हणणारा रॉम्नींचा २००८ चा लेख मिशिगन आणि ओहायोत त्यांच्या मानगुटीवर बसला. चर्चा पगाराची आणि पेन्शनची होती. ओबामा स्वतः रंगावर बोलणं शक्य तेवढं टाळत. २०१६ चा प्रचार कशावर चालला? ट्रम्प यांच्या १६ जून २०१५ च्या पहिल्याच भाषणात मेक्सिकोतून येणारे बलात्कारी. त्या डिसेंबरात मुसलमानांना देशात येण्यावर सरसकट बंदीची मागणी. त्याआधी, २०११ पासून, ‘ओबामांचा जन्म अमेरिकेतला नाहीच’ ही मोहीम. होनोलुलूचा पूर्ण जन्मदाखला एप्रिल २०११ मध्ये दाखवूनही ती थांबली नाही. ट्रम्प यांनी ती सोडली सप्टेंबर २०१६ मध्ये, मतदानाला दोन महिनेही उरले नसताना.

त्याचा परिणाम झाला का, हे तपासण्याची चांगली सोय होती, कारण सुमारे ८ हजार मतदारांच्या एका गटाला डिसेंबर २०११ मध्ये प्रश्न विचारलेले होते आणि त्याच लोकांना २०१६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा विचारले गेले. स्थलांतरित, मुसलमान आणि काळे यांच्याबद्दलची त्यांची २०११ मधली मतं २०१२ च्या मतदानाशी जेवढी जुळत होती, त्याहून कितीतरी घट्ट २०१६ च्या मतदानाशी जुळली. म्हणजे मतं आधीपासून मनात होती. २०१२ मध्ये त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

‘नोकऱ्या गेल्या म्हणून’ या कारणाचंही बघू. कारखाने बंद पडले, गावं ओस पडली, हे खोटं नाही आणि त्याची हेटाळणी करणारे डेमोक्रॅट मला आवडत नाहीत. पण नोकरी जाणं हेच कारण असतं, तर सर्वांत आधी फ्लिंट आणि मिलवॉकीचे काळे कामगार ट्रम्पकडे जायला हवे होते. २०१६ मध्ये काळ्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न सुमारे ३९ हजार डॉलर होतं, गोऱ्या कुटुंबाचं सुमारे ६५ हजार. एक्झिट पोलमध्ये ५० हजारांखालच्या उत्पन्नगटात हिलरीच पुढे होत्या. रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्पना मत देणाऱ्यांचं मध्यम उत्पन्न ७२ हजारांच्या आसपास होतं, म्हणजे देशाच्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त. एकाच शहरात एकच कारखाना बंद पडतो आणि त्याचा राग रंगानुसार दोन वेगवेगळ्या मतपेट्यांत जातो. मग त्या रागात फक्त पगार आहे असं कसं म्हणायचं?

काळ्यांच्या ९५ टक्क्यांचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, आकडे शेजारी ठेवले की पडतो. डेमोक्रॅट उमेदवारांना मिळालेली काळ्यांची मतं, टक्क्यांत: अल गोर ९०, केरी ८८, हिलरी ८९, बायडन ८७. सगळे गोरे. ओबामांमुळे पाच-सात टक्क्यांची भर पडली, बाकीचं मत पक्षाचं होतं. आणि ओबामांना तरी ते आपोआप मिळालं का? २००७ च्या अखेरीपर्यंत काळ्या मतदारांत हिलरी पुढे होत्या. काळ्यांच्या हक्कांसाठीच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर डोकं फुटलेले नेते जॉन लुईससुद्धा आधी हिलरींच्या बाजूने होते, फेब्रुवारी २००८ मध्ये ते ओबामांकडे आले. आयोवातल्या गोऱ्यांनी ३ जानेवारीला ओबामांना जिंकून दिल्यावर हवा फिरली. उलट बाजूचं उदाहरण मेरीलँडचं: २००६ मध्ये सिनेटसाठी मायकेल स्टील हे काळे रिपब्लिकन उभे होते, समोर गोरे बेन कार्डिन. स्टील यांना काळ्यांची सुमारे चौथा हिस्सा मतं मिळाली आणि ते हरले. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये काळ्यांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटमधून खासदार म्हणून निवडून आले. पहिल्या वेळी प्रायमरीत त्यांना २८ टक्केच मतं होती आणि काळ्या उमेदवारांत मतं फुटली होती, हे सांगायला हवं. पण नोव्हेंबरात त्याच मतदारांनी त्यांना निवडून दिलं.

गुलामगिरीच्या पक्षाचं, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाचं, उत्तर दोन ओळींत होतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला रिपब्लिकन सिनेटरांनी डेमोक्रॅट सिनेटरांपेक्षा मोठ्या प्रमाणात पाठिंबा दिला: त्यांच्यातले २७ बाजूने, ६ विरोधात. त्या सहांपैकी एक होते बॅरी गोल्डवॉटर, आणि पक्षाने त्याच वर्षी त्यांनाच अध्यक्षपदासाठी उभं केलं. देशभर धूळधाण झाली, पण काळ्यांना मतदान करू न देणाऱ्या मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं मिळाली. दक्षिणेतले गोरे मतदार डेमोक्रॅटांकडून रिपब्लिकनांकडे निघाले होते, ते तिथे दिसतं.

राहिला २०२४ चा मुद्दा. इथे या मजकुराची बाजू खरोखर भक्कम आहे. एक्झिट पोलनुसार ट्रम्पना लॅटिनोंची ४६ टक्के मतं पडली. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जिथे ९७ टक्के लोक हिस्पॅनिक आहेत, शंभराहून जास्त वर्षांनी रिपब्लिकन झाली. कमला हॅरिस यांना गोऱ्यांमध्ये ओबामांच्या २०१२ च्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच मतं मिळाली. तेव्हा ‘हॅरिस वर्णद्वेषामुळे हरल्या’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला मी पाठिंबा देणार नाही. महागाईने त्यांना पाडलं. पण रंगाने निकाल ठरला नाही म्हणजे रंगाचा वापरच झाला नाही, हे कुठून आलं? ३१ जुलै २०२४ ला शिकागोत काळ्या पत्रकारांसमोर बसून ट्रम्प म्हणाले होते की हॅरिस आधी भारतीय होत्या, आता अचानक काळ्या झाल्या.

आणि हे सगळं विरोधकांचं रडगाणं असतं तर पॉल रायन यांचं काय करायचं? जून २०१६ मध्ये, इंडियानात जन्मलेल्या न्यायाधीशाला त्याच्या मेक्सिकन मुळावरून ट्रम्पनी अपात्र ठरवलं, तेव्हा प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती असलेल्या रायन यांनी ते वर्णद्वेषी विधानाच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत बसतं असं म्हटलं. पाठिंबा मात्र कायम ठेवला. डेमोक्रॅटही सोवळे नाहीत. मे २००८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रायमरीआधी हिलरींनी ‘कष्टकरी अमेरिकन, गोरे अमेरिकन’ ओबामांपासून दूर चाललेत असं सांगून आपली बाजू मांडली होती. त्याच हिलरींनी आठ वर्षांनी ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना ‘तिरस्करणीयांच्या’ एका टोपलीत घालून मोडीत काढलं. ते चूक होतं, आणि हा फिरता मजकूर करतो तीच ती चूक, फक्त उलटी: माणसांवर शिक्के मारायचे, मतं मोजायची नाहीत.

या मजकुराच्या नव्या आवृत्त्यांत शेवटी विवेक रामास्वामींचं नाव असतं, ‘बघा, आपला माणूस रिपब्लिकन पक्षात अध्यक्षपदाला उभा राहतो’ म्हणून. उभे राहिले, हे खरंच. मे २०२४ मध्ये त्यांच्याच पॉडकास्टवर त्याच बाजूच्या स्तंभलेखिका अ‍ॅन कोल्टर आल्या. तुमचं बरंचसं म्हणणं मला पटतं, असं त्यांनी आधी सांगितलं, आणि मग म्हणाल्या की तरीही तुम्हाला मत दिलं नसतं, कारण तुम्ही भारतीय आहात. रामास्वामींनी नंतर लिहिलं की आपल्याला हे पटत नाही, पण मनातलं बोलण्याच्या तिच्या धाडसाचा आदर वाटतो.