सुट्टीचा अनुशेष

शाळा सुरू होण्याचं दुःख आमच्या घरात दरवर्षीचंच. २०२५ साली मात्र त्याला प्रादेशिक असमतोलाची फोडणी बसली.

झालं असं, की नागपूरच्या उन्हाला कंटाळून माझ्या बहिणीनं तिचं पोरगं मेमध्ये आमच्याकडे पुण्याला पाठवलं. तो आणि माझा मुलगा एकाच वयाचे, दोघेही पाचवीत जाणारे. महिनाभर घरात नुसता धुडगूस. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खाकी कव्हरं घालताना कळलं, की पुण्याची शाळा १६ जूनला आणि विदर्भातली २३ जूनला.

"म्हणजे मी शाळेत आणि हा इथे आंबे खाणार?"

ऊन, तापमान, लहान मुलांना होणारा त्रास वगैरे मी समजावून सांगितलं.

"पण ऊन नागपूरला आहे ना? हा तर इथे आहे!"

याला उत्तर नव्हतं. वर त्यानं दुसरा मुद्दा काढला. त्या वर्षी पाऊस मेमध्येच येऊन टपकला होता. त्यामुळे क्रिकेटचे किती दिवस बुडाले याचा हिशेब त्यानं मागच्या वर्षीच्या पुस्तकात मांडून ठेवला होता. (पाठांच्या मध्ये वहीची कोरी पानं घातली होती ना, तिथे. ती पानं त्या वर्षीपासून गेली. दप्तराचं ओझं त्यांनी किती कमी केलं कोण जाणे, पण फुली-गोळ्याची सोय उत्तम होती.) तर, बुडालेले दिवस अकरा. ते भरून द्या, नाहीतर आपण नागपूरला राहायला जाऊ. विदर्भाचा अनुशेष ऐकत मी मोठी झाले. पुण्याचा अनुशेष प्रथमच ऐकत होते.

रविवारी रात्री सुट्टीतलं शुद्धलेखन आठवलं. तीस पानं. त्यातली बारा पाहुण्यानं लिहून दिली, तीन आंब्यांच्या बोलीवर. अक्षर इतकं वळणदार, की चोरी पकडली जाणार हे मला तिथेच दिसलं. मी गप्प बसले. साडेदहा वाजले होते आणि मलाही झोप येत होती.

सोमवारी सकाळी सहाला हाक मारली. हालचाल नाही. गदागदा हलवलं. शेजारच्या गादीवरून आवाज आला, "मावशी, हा झोपला नाही. नाटक करून राहिला. पाय हलवते बघ."

फितुरी घरातूनच होते, ती अशी.

मग पोटात दुखलं. पोटातून दुखणं गुडघ्यात गेलं. गणवेशाची पॅन्ट कमरेला बसेना. बटण आणि काज यांच्यामध्ये अख्खी हापूसची पेटी उभी होती. बूट तर एप्रिलमधल्या पायांचे. शेवटी सेफ्टी पिन लावून, चपला घालून त्याला व्हॅनमध्ये कोंबला. बाल्कनीतून पाहुणा हात हलवत होता. त्याच्या दुसऱ्या हातात आंबा होता. हे मुद्दाम नव्हतं असं तो अजूनही सांगतो.

दुपारी स्वारी परतली. "पहिलीच्या पोरांना गुलाबाचं फूल दिलं. मला विचारलं, शुद्धलेखनात हे अक्षर कुणाचं?"

पुढचे पाच दिवस मी दोन देश चालवले. एकात डबा, धावपळ आणि अश्रू, दुसऱ्यात नऊला उठणं आणि "मावशी, आज काय करून राहिली खायला?" शनिवारी बहीण आली आणि तिचं राज्य घेऊन गेली.

सोमवारी, २३ तारखेला, मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या खुडबुडीनं. पावणेसहा वाजले होते. चिरंजीव आंघोळ करून, गणवेश घालून, माझा फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसलेले. समोर ताटलीत आंब्याच्या फोडी. पडद्यावर नागपूर. पलीकडे कुणीतरी पांघरुणात डोकं खुपसून म्हणत होतं, "आई, पोट दुखून राहिलं."

"मावशी," आमचे चिरंजीव ओरडले, "पाय बघ, पाय!"

त्या दिवशी तो व्हॅनच्या आधी फाटकाशी उभा होता. दप्तर घरातच राहिलं, ते मला साडेआठला दिसलं.