‘सूत्रांनी सांगितलं’, पण सूत्रांना कुणी सांगितलं?

जिल्ह्याच्या गावी बातमीदारी करत होतो तेव्हा एलआयबीचा, म्हणजे पोलिसांच्या स्थानिक गुप्तवार्ता शाखेचा, एक हवालदार संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचा. भला माणूस. "साहेब, उद्याच्या मोर्चाला किती डोकी येतील?" मी आपलं ठोकून द्यायचो, दोनेक हजार. सकाळी बंदोबस्ताची बातमी आणायला गेलो की वरचे साहेब गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "गोपनीय माहितीनुसार दोन हजार." आणि मी ते छापायचो! माझाच आकडा, पोलिसांचा शिक्का लागून माझ्याच पानावर परत.

तेव्हा याची गंमत वाटायची. पुढे इस्रोचं हेरगिरीचं प्रकरण नीट वाचलं आणि वाटेनाशी झाली.

ऑक्टोबर १९९४मध्ये तिरुवनंतपुरमला मालदीवच्या मरियम रशीदाला अटक झाली, मूळ कारण व्हिसाची मुदत. नोव्हेंबरअखेर इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन आत. चौकशीला केरळ पोलिसांच्या जोडीला आयबीचे, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर यंत्रणेचे, अधिकारी होते. आणि पेपरात रोज नवी कहाणी: रॉकेटचे आराखडे, बायका, पैसे. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान विकलं म्हणे. अहो, ते तेव्हा आपल्याकडे होतं कुठे? रशियाने द्यायचं नाकारलं होतं. एवढा साधा प्रश्न बातमी लिहिताना पडायला हवा होता. १९९६मध्ये सीबीआयने सांगितलं, आरोपांत तथ्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती २०१८ साली, आणि भरायची केरळ सरकारने. मथळे देणारे नामानिराळे.

दिल्लीचे पत्रकार इफ्तिखार गिलानी तर आपल्याच धंद्यातले. जून २००२मध्ये शासकीय गुपितांच्या कायद्याखाली अटक. पुरावा काय, तर कॉम्प्युटरमध्ये सापडलेला, इंटरनेटवर कुणालाही मिळणारा एका पाकिस्तानी संस्थेचा लेख. यात गुपित काही नाही हे शेवटी लष्करी गुप्तचरांनीच सांगितलं, तोवर सात महिने तिहार झाला होता. मधल्या काळात त्यांनी गुन्हा कबूल केल्याची बातमीही छापून आली. कबूल केला नव्हता.

माझं मत असं. आयबीची मुळं १८८७पर्यंत जातात, पण तिचे अधिकार ठरवणारा संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. माहिती अधिकारातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत पहिलं नाव तिचं. तिला कुणाला अटक करता येत नाही, आरोपपत्र ठेवता येत नाही. मग उरतं काय? वर पाठवायचा अहवाल आणि वार्ताहराच्या कानात सोडलेली गोष्ट. कोर्टात टिकणार नाही ते पहिल्या पानावर आरामात टिकतं. पोलिसांपुढची कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही, आपण मात्र आठ कॉलमी मथळा करतो.

गुप्तचरांशी बोलू नका असं मी म्हणत नाही. मीही बोललोय, बातम्याही मिळाल्यात. पण निदान ‘सूत्रं’ न लिहिता ‘गुप्तचर यंत्रणेचा दावा’ एवढं तरी लिहा. कोण बोलतंय ते वाचकाला कळू द्या.

एकदा माझ्या ‘दोन हजारां’च्या मोर्चाला दीडशे माणसं आली. पोलीसच जास्त. दुसऱ्या दिवशी हवालदार नेहमीसारखा चहाला आला. बशीत ओतून सावकाश प्यायला. तो आकड्याबद्दल बोलला नाही, मीही विषय काढला नाही.