वाकळीला इस्त्री

बाजारात मिळणारा इस्त्रीचा बोर्ड ज्यानं आखला, त्याच्या घरी सगळे शर्टच घालत असणार. एक टोक निमुळतं, तिथं शर्टाचा खांदा बसावा म्हणून. रुंदी जेमतेम पंधरा इंच. आणि माझं क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, ऐंशी बाय नव्वद इंचांचं. ते त्या पट्टीवर टाकलं की चारी बाजूंनी लोंबतं, आपल्याच वजनानं घसरतं, आणि आत्ताच इस्त्री केलेला भाग फरशीवर जाऊन चुरगळतो.

बरं, इस्त्री टाळताही येत नाही. तुकडे पाव इंच शिवणीवर जोडायचे आणि दर जोडावर इस्त्री ठेवून नुसती दाबायची. ओढायची नाही. ओढली की तिरका कापलेला तुकडा ताणतो आणि चौकोनाचा पतंग होतो.

हे सगळं मी आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्यांनी जन्मभर वाकळा शिवल्या. जुन्या लुगड्यांचे थर, वरून धावदोरा, काम संपलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या वाकळंला कधी इस्त्री लागली न्हाई. अंगाखाली घातली की झाली इस्त्री."

हा मुद्दा खोडता येईना, म्हणून मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या प्लायवूडच्या दुकानात गेले.

"काय करायचंय ताई? ट्रॉली?"

"इस्त्रीचा बोर्ड. पाच फूट बाय दोन फूट."

"पाच बाय दोन? हत्तीची झूल हाय व्हय?"

माणूस चेष्टेखोर, पण कामाचा. बारा एमएम वाफेनं वाकतंय, अठरा घ्या म्हणाला. घेतलं. दहाएक किलोचा तो तुकडा रिक्षात आडवा घातला, दोन्ही बाजूंनी बाहेर. बिंदू चौकात हवालदारांनी वाकून बघितलं. "शाहू स्टेडियमचा स्कोअरबोर्ड हाय काय?" मी हो म्हटलं. इस्त्रीचं सांगत बसले असते तर सिग्नल दोनदा पडला असता.

पहिल्यांदा वर फोम लावला. चूक माझीच. फोमवर इस्त्री दाबली की कापड खाली बुडतं आणि शिवण गुबगुबीतच राहते. शिवाय गरम झाल्यावर जो वास सुटला, त्यानं शेजारच्या काकू गॅस बंद करून आल्या. मग कळलं की खाली लोकर हवी. ती उष्णता धरून ठेवते, वाफ पिते, आणि कापडाला खालूनही शेक लागतो.

घरात लोकर एकच. आत्तींची धनगरी घोंगडी.

तीन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी अट पडली, घोंगडीला कात्री लागायची नाही आणि एकही पिन टोचायची नाही. म्हणून तिची बोर्डाच्या मापाची घडी घातली आणि वरून चौकड्याचं सुती कापड ओढलं. कापड आधी धुवून घेतलं, नाहीतर पहिल्या वाफेतच आटतं. चौकडा मुद्दाम, रेषा बघून तुकडा काटकोनात लावता यावा म्हणून. पिना बोर्डाच्या पाठीला, आधी चारी बाजूंच्या मध्यावर, कोपरे शेवटी. आमचे अहो टॅकर घेऊन आले आणि उत्साहात कोपऱ्यापासूनच सुरू झाले. रेषा अशा वळल्या की गगनबावड्याचा घाट बरा. सगळ्या पिना पक्कडीनं उपसून मी पुन्हा ठोकल्या. अहो चहा करायला गेले, तेवढं त्यांना जमतं.

आता ठेवायचा कशावर? जुन्या बोर्डाच्या पायांवर ठेवला. मी कडेला कोपर टेकलं मात्र, सगळं चंबूगबाळं आडवं. इस्त्री माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर पडली. तेव्हापासून बोर्ड बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर असतो आणि मी पुढ्यात स्टूल घेऊन बसते.

काम मात्र झकास होतं. ओळच्या ओळ एका दमात दाबून होते, टोकाला टोक भिडतं.

परवा दुपारी क्विल्टचा वरचा भाग जोडून झाला. शेवटची इस्त्री तेवढी राहिली होती. तो बोर्डावर पसरला आणि दूध आणायला गेले. परत येऊन बघते तर पाच फुटी बोर्डावर चार फूट दहा इंचांच्या आत्ती आडव्या, उशाला हात, डोळे मिटलेले.

"आत्ती, अहो खाली माझं कापड आहे!"

त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"ठावं हाय. इस्त्रीच व्हायलीया."