पायलट सर्टिफिकेटवर अमेरिकेत ‘निम्मी डिग्री’? दावा एकेक करून तपासू

वैमानिक व्हायला अमेरिकेत निघालेल्या मुलांमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: “एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचं) पायलट लायसन्स असेल तर अमेरिकन कॉलेज निम्मी डिग्री तशीच देतं. उड्डाणाच्या तासांचे क्रेडिट होतात. २५० तास म्हणजे एक वर्ष वाचलं. हे क्रेडिट कुठल्याही कॉलेजात चालतात. म्हणून आधी बाहेरच्या फ्लाइंग स्कूलमधून कमर्शियलपर्यंत सगळं उरकून घ्या आणि मग कॉलेजात जा. डिग्री हातात आली की १५०० ऐवजी १००० तासांत एअरलाइन.”

पायलट सर्टिफिकेटवर (म्हणजे याच लायसन्सवर) क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं, मिळतात, एवढं खरं आहे. बाकीच्यात फुगवून सांगितलेलं बरंच आहे. शेवटचा सल्ला मात्र सरळ नुकसान करणारा आहे आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

आधी तासांचं बघू. “२५० तास म्हणजे एक वर्ष” हे गणित कुठून आलं कोण जाणे. अमेरिकेत एका सेमिस्टर क्रेडिटचा ढोबळ अर्थ असा: सुमारे १५ आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. म्हणजे ४५ तासांचं काम. वर्षभराचे क्रेडिट साधारण ३०. तासाला तास धरला तरी २५० भागिले ४५ म्हणजे साडेपाच क्रेडिट होतात. मजकुराचा हिशेब त्याच्याच तर्काने कोसळतो.

मुळात कॉलेज तास मोजतच नाही. लॉगबुक वैमानिक स्वतः भरतो. त्यातल्या २५० तासांपैकी किती क्रॉस कंट्रीत (दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांब उड्डाणात) गेले, किती एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यात गेले आणि त्यातून हातात काय बसलं, हे रजिस्ट्रारला कळायला मार्ग नाही. सर्टिफिकेटमागे मात्र परीक्षा असते. लेखीत ७० टक्के लागतात, मग चेकराइडला परीक्षकासमोर तोंडी आणि शेवटी प्रत्यक्ष उड्डाण. कशात किती चूक चालते हे एफएएने छापून ठेवलेलं आहे. म्हणून प्रायव्हेट सर्टिफिकेट (पहिली पायरी, खासगी उड्डाणापुरती) किमान ४० तासांत काढणाऱ्याला आणि ८० तास लागलेल्याला क्रेडिट सारखेच. स्टुडंट पायलट सर्टिफिकेटला परीक्षाच नाही, त्यामुळे त्यावर काही मागू नका. नुसत्या लेखी परीक्षेच्या निकालावर क्रेडिट मिळेल असंही धरून चालू नका. तो निकाल चेकराइडसाठी २४ महिने चालतो, त्याचा उपयोग तेवढाच.

“निम्मी डिग्री” म्हणजे बॅचलर्सच्या १२० पैकी ६० क्रेडिट. कॉलेज प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवणं), कमर्शियल (पैसे घेऊन उडवणं), मल्टी-इंजिन, इन्स्ट्रक्टर अशा प्रत्येक पायरीला मोजके क्रेडिट देतं. हे क्रेडिट कुठे जाऊन बसतात ते महत्त्वाचं. ते एव्हिएशनच्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) किंवा इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) बसतात. इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं हा जनरल एज्युकेशनचा भाग कुठल्याही सर्टिफिकेटने सुटत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम बघा: बॅचलर्समध्ये जनरल एज्युकेशनचे किमान ३० क्रेडिट हवेत, आणि एकूण क्रेडिटपैकी किमान २५ टक्के त्याच कॉलेजात शिकून मिळवलेले हवेत. शिवाय एकाच गोष्टीचे क्रेडिट दोनदा लागत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात प्रायव्हेटचं ग्राउंड स्कूल (वर्गात शिकायचा भाग) विषय म्हणून केलं असेल, तर त्याचे आणि सर्टिफिकेटचे असे दोन्ही क्रेडिट बहुधा मोजले जाणार नाहीत. आणि मुलाने मध्येच मेजर बदलून कॉम्प्युटर सायन्स घेतलं, तर हेच क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) नुसते दिसत राहतात, डिग्रीच्या कामी येत नाहीत.

“कुठल्याही कॉलेजात” हेही खरं नाही. न्यू जर्सीची टॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी किंवा एम्ब्री-रिडलची वर्ल्डवाइड शाखा अशा क्रेडिटसाठी ओळखल्या जातात. सगळ्या कॉलेजांना बांधणारा असा नियम मात्र नाही. एका कॉलेजाने दिलेले क्रेडिट दुसरं कॉलेज जसेच्या तसे उचलत नाही, स्वतःच्या फुटपट्टीने पुन्हा मोजतं. दुसऱ्या देशाच्या लायसन्सवरून एफएएच्या नियम ६१.७५ खाली मिळालेलं एफएए प्रायव्हेट सर्टिफिकेट असेल तर जास्त सावध राहा. ते मूळ लायसन्सच्या आधारावर उभं असतं, त्यामागे एफएएची चेकराइड नसते. कॉलेज ते धरतं का, हे आधीच विचारा.

आता कळीचा मुद्दा. एअरलाइनमध्ये उडवायला लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट (एटीपी) सर्टिफिकेटला १५०० तास लागतात. नियम ६१.१६० यात सूट देतो आणि २१व्या वर्षापासून मर्यादित अधिकारांचं एटीपी घेता येतं. एव्हिएशन मेजरची बॅचलर्स आणि एव्हिएशनचे ६० क्रेडिट असतील तर १००० तास. असोशिएट डिग्री (दोन वर्षांची) आणि ३० क्रेडिट असतील तर १२५०. बॅचलर्स आहे पण एव्हिएशनचे क्रेडिट ३० ते ५९ च्या मध्ये आहेत, तरी १२५०. फिरणारा मजकूर इथेच थांबतो. नियम पुढे दोन अटी घालतो. कॉलेजला एफएएचं अधिकारपत्र हवं. आणि इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियलचं ग्राउंड ट्रेनिंग त्या कॉलेजच्याच पार्ट १४१ (एफएएने मंजूर केलेल्या) अभ्यासक्रमात झालेलं हवं. उड्डाणाचं ट्रेनिंगही तिथे किंवा कॉलेजशी रीतसर करार असलेल्या पार्ट १४१ स्कूलमध्ये.

आता मजकुराचा सल्ला मानणाऱ्याचं काय होतं ते बघा. तो बाहेरून इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल काढून येतो. कॉलेज खुशीने क्रेडिट देतं, फ्लाइटचे विषय माफ होतात, ट्रान्सक्रिप्टवर ‘इन्स्ट्रुमेंट फ्लाइट’च्या पुढे ग्रेडच्या जागी क्रेडिट दिल्याची खूण येते. चार वर्षांनी डिग्री हातात, क्रेडिट ६० च्या वर, आणि रजिस्ट्रार १००० तासांचा दाखला देऊ शकत नाही. माफ झालेला विषय म्हणजे तिथे न झालेलं ट्रेनिंग. मग १५०० तास भरा. इन्स्ट्रक्टर म्हणून महिन्याला ६०-७० तास उडवले तर हा फरक सात-आठ महिन्यांचा आहे, आणि एअरलाइनमध्ये पगार, बेस, रजा सगळं सीनिऑरिटीच्या क्रमांकावर चालतं.

अर्धवट ट्रेनिंग घेऊन येणाऱ्याचीही तीच गत. पार्ट १४१ मध्ये बदली घेताना आधीचं ट्रेनिंग पार्ट ६१ चं (असा मंजूर अभ्यासक्रम न लागणारं) असेल तर नव्या कोर्सच्या २५ टक्क्यांपर्यंतच धरता येतं, पार्ट १४१ चं असेल तर ५० टक्क्यांपर्यंत. तेही नव्या स्कूलने परीक्षा घेतल्यावर. ‘चेकराइड तेवढी राहिलीय’ म्हणत येणाऱ्याला कोर्सचा मोठा भाग पुन्हा उडवावा लागतो, पैसे मोजून.

म्हणून १००० तासांची सूट हवी असेल तर बाहेरून फक्त प्रायव्हेट काढून या, इन्स्ट्रुमेंट आणि कमर्शियल कॉलेजात करा. कमर्शियल आधीच झालं असेल तर त्या सुटीचा नाद सोडा आणि क्रेडिट जास्तीत जास्त देणारं, फी कमी असणारं कॉलेज शोधा. एव्हिएशन मॅनेजमेंटसारख्या डिग्रीला हे क्रेडिट खरोखर उपयोगी पडतात.

अर्ज करण्याआधी रजिस्ट्रारला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. विचारायचं ते असं: कोणत्या सर्टिफिकेटला किती क्रेडिट, ते मेजरमध्ये की इलेक्टिव्हमध्ये, नोंदवायची फी किती, आणि प्रवेशानंतर बाहेरून काढलेलं सर्टिफिकेट चालतं का. या शेवटच्या प्रश्नाला अनेक फ्लाइट प्रोग्रॅमचं उत्तर ‘नाही’ असतं. सुट्टीत घरी जाऊन रेटिंग (इन्स्ट्रुमेंटसारखी सर्टिफिकेटवर चढणारी वाढीव पात्रता) काढून आलेली मुलं इथेच अडकतात. फेडरल आर्थिक मदत घेत असाल तर हेही लक्षात ठेवा की पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला लागणारे १२ क्रेडिट त्या सेमिस्टरला शिकायला घेतलेले लागतात, सर्टिफिकेटचे त्यात धरत नाहीत.

सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडा. एकाच बाजूची दिली तर रेटिंग किंवा मर्यादा दिसत नाहीत आणि अर्ज परत येतो. चेकराइडनंतर मिळणारा तात्पुरता कागद १२० दिवसच चालतो. कायमचं कार्ड हातात आल्यावर अर्ज केला तर हेलपाटा वाचतो.