टेस्ट पडू नयेत म्हणून काय करावं

सोलापुरी चादरी-टॉवेलचं ऑनलाइन दुकान बांधताय आणि ब्राउझरमधल्या कोडची एकही टेस्ट पडायला नकोय? मग सर्व्हरचा नाद सोडा. ग्लोबल फेच, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं ब्राउझरचं फंक्शन, त्याच्या जागी जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाचं खोटं फंक्शन, म्हणजे मॉक, बसवा. यूआरएल कुठलाही असो, मेथड कुठलीही, त्यानं एकच सांगायचं: टॉवेल शिल्लक ५०. पोस्टऐवजी गेट गेलं, बॉडीतून पिनकोडच गळाला, तरी उत्तर तेच.

खोट्या रिस्पॉन्समध्ये नुसतं जेसन, म्हणजे डेटा, ठेवा; उत्तर यशस्वी आहे का ते सांगणारं ओके ठेवू नका. म्हणजे ओके तपासणाऱ्या शहाण्याचीच टेस्ट पडेल आणि पुन्हा तो तपासायच्या फंदात पडणार नाही. सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० असा एररचा कोड आला तरी फेच रिजेक्ट होत नाही, नेटवर्कच तुटलं तर टाइपएरर देतं, हे टीममध्ये कुणाला कळू देऊ नका. खऱ्या रिस्पॉन्सची बॉडी एकदाच वाचता येते. तुमचं फंक्शन मात्र मागाल तितक्यांदा देईल. दिलदार आहे.

कोडात रिक्वेस्ट पाठवायला ॲक्सिओस ही लायब्ररी असेल तर सोन्याहून पिवळं. ब्राउझरसारख्या वातावरणात ते डीफॉल्टनं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट ही फेचहून जुनी सोय वापरतं आणि तुम्ही बदललंय फेच, त्यामुळे रिक्वेस्ट थेट खऱ्या सर्व्हरवर जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोदामात टेस्टमधल्या २०० चादरींची ऑर्डर निघाली तर धंदा वाढला म्हणायचं.

एमएसडब्ल्यू, म्हणजे मॉक सर्व्हिस वर्कर या लायब्ररीच्या, वाटेला जाऊ नका. ते सर्व्हिस वर्कर, म्हणजे पानामागे चालणारी ब्राउझरची स्क्रिप्ट, लावून रिक्वेस्ट बाहेर पडताना अडवतं, फेच असो वा ॲक्सिओस, तुमच्या कोडला हात न लावता. कुणी बसवलंच, तर इनिट कमांड चालवून वर्करची फाइल पब्लिक फोल्डरमध्ये टाकायची राहू द्या. मग फाइल मागितली की डेव्ह सर्व्हर इंडेक्सचं एचटीएमएल पाठवतो, माइम टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार, जुळत नाही आणि वर्कर रजिस्टर होत नाही. फाइल आधीच टाकलेली असेल तर वर्कर सुरू करताना तो तयार होईपर्यंत थांबवणारं अवेट गाळा, पहिल्या रिक्वेस्ट निसटू शकतात. हँडलर, म्हणजे ठरवून दिलेलं उत्तर, नसलेल्या रिक्वेस्टसाठी ‘एरर’ नको, गुपचूप जाऊ देणारं ‘बायपास’ ठेवा. फोनवर १९२.१६८ चा साधा एचटीटीपी पत्ता उघडून वर्कर का चालत नाही यावर दुपार घालवा. त्याला एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टच लागतं.

प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणाऱ्या साधनात पेज उघडून झाल्यावर राउट, म्हणजे रिक्वेस्ट अडवायचा नियम, लावा. वर्करनं अडवलेल्या रिक्वेस्ट प्लेराइटच्या राउटला दिसत नाहीत, तेव्हा सर्व्हिस वर्कर ब्लॉक करायची सेटिंग शोधू नका.

मॉकचं उत्तर शून्य मिलिसेकंदात यावं. गिऱ्हाईक आधी ‘चाद’ टाइप करतं, मग ‘चादर’. ‘चाद’चं उत्तर मागाहून येतं आणि नव्या यादीवर जुनी बसते. हा गोंधळ मॉकमध्ये कधीच होणार नाही, याची ती खात्री. रिकामी यादीही कधी देऊ नका. सोलापुरात माल संपतो कुठे?

सर्व्हरवाल्यांनी ‘शिल्लक’ फील्डचं नाव ‘उपलब्ध’ केलं तरी मॉक जुनाच राहू द्या. जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, एखाद्याचा फोन येईल की टॉवेलखाली ‘अनडिफाइंड’ दिसतंय. त्याला कॅशे साफ करायला सांगा.