‘शेंबड्या पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या वाचकास

विंडोजच्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज असलेल्या डिस्कवर, जागा कशी करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न लिहिता दिलेली प्रतिक्रिया तीन दिवसांपूर्वी वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर नंतर पुसावं लागलं असतं. राग आजही गेलेला नाही, पण निदान वाक्यं धड लिहिता येताहेत. बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी देते:

‘ताई, डिस्कवर जागा कशी करायची हे आजकाल शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी एवढं चऱ्हाट कशाला? विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर रिकामं करा, दहा-बारा जीबी एका मिनिटात मिळतात. मी दर सहा महिन्यांनी करतो, आजवर काही बिघडलेलं नाही. हायबरनेशन बंद करायला सांगता, पण त्याने फास्ट स्टार्टअप जातं हे सांगत नाही. जानेवारी २०२४ मधलं अपडेट सी ड्राइव्ह कितीही रिकामा केला तरी बसत नव्हतं, त्याचा पत्ताच नाही. आणि मुळात नवी एसएसडी टाका, विषय संपला. अर्धवट माहितीवर लिहू नये. हा तुमचा प्रांत नाही.’

फास्ट स्टार्टअपचं, म्हणजे संगणक लवकर सुरू करणाऱ्या सोयीचं, तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते मी लिहायला हवं होतं. हायबरनेशन म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणं. ते पूर्ण बंद केलं की हायबरफिल नावाची ती मोठी फाइल जाते आणि तिच्यावर अवलंबून असलेलं फास्ट स्टार्टअपही जातं. विंडोज १० मध्ये ही फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबींहून जास्त. ती पूर्ण न काढता २० टक्क्यांवर आणायचीही सोय आहे. तसं केलं तर हायबरनेट करता येत नाही, पण फास्ट स्टार्टअप शाबूत राहतं. लेखात ही दुरुस्ती केली आहे. चूक माझी होती, ती मान्य केली. आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येते.

शेंबड्या पोरालाही कळतं. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला असाल. मला ते सहज वाचता आलं नाही, कारण हेच वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे. ज्यांना ऐकवलं जायचं ती माणसं माझ्यासमोर बसलेली असायची. एका कार्यालयातल्या हिशेब विभागात मी नऊ वर्षं होते. हुद्दा लेखनिकाचा, पण अकरा संगणकांची देखभाल हळूहळू माझ्याकडेच आली, कारण बाहेरून येणारा माणूस आठवड्यातून एकदा यायचा आणि आला की असंच काहीतरी बोलून जायचा. त्याच्या त्या एका वाक्यामुळे लोक पुन्हा विचारायचे नाहीत. ‘जागा कमी आहे’ ही सूचना रोज बंद करायचे आणि काम पुढे रेटायचे. अपडेट महिनोन् महिने अडून राहायचं. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या अपडेटमधूनच येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं.

‘शेंबड्या पोरालाही कळतं’ अशा या गोष्टीत मोठी, शहाणी, आपापल्या कामात तरबेज माणसं काय करतात ते मी पाहिलं आहे. एक बाई जागा व्हावी म्हणून डेस्कटॉपवरचे शॉर्टकट एकेक करून पुसत होत्या. एका शॉर्टकटची फाइल जेमतेम एक-दोन केबीची असते आणि मूळ प्रोग्रॅम आहे तिथेच राहतो, हे त्यांना कोण सांगणार? एकाने सगळे फोटो डॉक्युमेंट्समधून उचलून डेस्कटॉपवर नेले आणि तरी जागा तेवढीच कशी, म्हणून तो हैराण. डेस्कटॉप हाही सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर आहे, हे पडद्याकडे बघून कळत नाही. पडद्यावर तो सगळ्यांच्या बाहेर, सगळ्यांच्या वर दिसतो. तिसऱ्याने दोन दिवस बसून जुने व्हिडिओ पुसले, पण रिसायकल बिन रिकामी केली नाही. या तिघांपैकी कुणीही मूर्ख नव्हतं. तिघांनीही समोर जे दिसत होतं त्यावरून योग्य तोच अंदाज बांधला होता.

आणि माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे ३२ जीबीचा छोटा लॅपटॉप होता. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे ३२ जीबीची डिस्क पडद्यावर ३०च्याही आतच दिसते. त्यातलं बरंच विंडोज स्वतःच खातं. अपडेट उतरायला जागा हवी, ते उलगडायला आणखी हवी, आणि काही बिनसलं तर मागे फिरता यावं म्हणून जुन्या फाइलीही ठेवाव्या लागतात. मोठ्या अपडेटला तर पूर्ण जुनं विंडोज ‘विंडोज ओल्ड’ नावाने दहा दिवस तसंच ठेवलं जातं. एवढं सगळं त्या लॅपटॉपमध्ये मावणार कसं? भावाने डिस्क क्लीनअप हे नको असलेल्या फाइली पुसणारं विंडोजचं साधन उघडलं आणि दिसतील त्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या. विंडोज १०च्या २०१८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही होतं. नंतरच्या एका आवृत्तीत ते काढलं गेलं, पण तोवर त्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो मेलमधून आलेलं सगळं डाउनलोड्समध्येच ठेवायचा, कारण फाइल आपोआप तिथेच जाऊन बसते. डिस्क क्लीनअपने पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्याच्या मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यात होते. त्याने मला दोन महिने सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तर ‘तू म्हणशील एवढंही कळत नाही.’ मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं.

म्हणून तो लेख लांब आहे. म्हणून त्यात शॉर्टकट म्हणजे काय, रिसायकल बिनमधली फाइलही जागा का अडवते, डाउनलोड्स एकदा डोळ्यांखालून का घालावं, हे सगळं लिहिलं आहे. ज्याला येतं त्याने तो भाग सोडून द्यावा. तुम्हाला येत होतं तर तुम्हीही सोडू शकला असता. तुम्ही तो वाचला आणि वाचून चिडलात. याचं कारण माझ्या लेखात नाही.

आता इन्स्टॉलर फोल्डर. शेंबड्या पोराला कळतं म्हणता ना, मग हे तुम्हाला कळायला हवं होतं. विंडोजच्या आतलं हे फोल्डर मुद्दाम लपवलेलं असतं. त्यात दिसणारी अगम्य नावं म्हणजे तुम्ही पूर्वी बसवलेल्या प्रोग्रॅमच्या आणि त्यांच्या दुरुस्त्यांच्या प्रती. पुढे त्याच प्रोग्रॅमचं अपडेट आलं, तो दुरुस्त करायचा झाला किंवा काढून टाकायचा झाला, तर विंडोज त्या प्रती शोधतं. सापडल्या नाहीत तर काम तिथेच थांबतं. दुसऱ्या संगणकावरून त्या आणून टाकाव्यात म्हटलं तर तेही जमत नाही, कारण त्या फाइलींची नावं प्रत्येक संगणकावर वेगळी असतात.

हे मी वाचून सांगत नाही. २०१३ साली मी स्वतः हे केलं आहे. एका संगणकाचा सी ड्राइव्ह ६४ जीबीचा, अपडेट अडलेलं. कुठेतरी तुमच्यासारखाच सल्ला वाचला, फोल्डर रिकामं केलं, नऊ जीबी मोकळे झाले आणि अपडेट बसलं. मला फार आनंद झाला. चार महिने काहीही झालं नाही. त्या चार महिन्यांत मला कुणी विचारलं असतं तर मीही तुमच्यासारखंच सांगितलं असतं, ‘मी केलंय, काही बिघडत नाही.’ मग हिशेबाच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती आली आणि ती जुनी फाइल मागू लागली. ती बसेना. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकावा म्हटलं, तर काढायलाही तीच फाइल हवी. महिनाअखेर होती. शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकावं लागलं. सगळं पूर्ववत व्हायला तीन दिवस गेले आणि त्या संगणकावर बसणाऱ्या सहकारी बाईंना त्यांचा काही दोष नसताना वरिष्ठांची बोलणी खावी लागली. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते ओझं मी आजही विसरलेले नाही, आणि म्हणूनच तुमच्या त्या एका ओळीवर मी एवढं लिहिते आहे.

‘आजवर काही बिघडलेलं नाही’ हा पुरावा नव्हे. बिघाड फोल्डर रिकामं करताना होत नाही, पुढे कधीतरी होतो. तो होईल तेव्हा तुम्ही त्याचा दोष कदाचित त्या नव्या अपडेटला द्याल आणि सहा महिन्यांपूर्वी आपण काय पुसलं होतं हे तुम्हाला आठवणारही नाही. त्या फोल्डरमध्ये काही बेवारस प्रती राहून जातात, हे खरं. पण त्यातली बेवारस कुठली आणि कामाची कुठली, हे नावावरून ओळखता येत नाही. आणि तुम्ही निवडून काढा असं लिहिलेलंच नाही. ‘रिकामं करा’ असं लिहिलं आहे.

असाच सल्ला लोक विनएसएक्सएस या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरबद्दलही देतात. तुम्ही दिला नाही, तरी सांगून टाकते. ते फोल्डर आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली विंडोजमध्ये इतरत्रही दिसणाऱ्या त्याच फाइली असतात. फाइल एक, नावं दोन, आणि एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो. ते हाताने पुसलं तर संगणक सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबल्यावर जुन्या अपडेटची सफाई येते, तोच त्याचा सरळ रस्ता. तोही लेखात आहे. पाचव्या परिच्छेदात.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल फार लिहीत नाही. जानेवारी २०२४चं ते अपडेट रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्त करण्यासाठी राखलेल्या डिस्कच्या वेगळ्या भागात, २५० एमबी मोकळी जागा मागत होतं, सी ड्राइव्हशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे ते माझ्या विषयात बसत नाही. पार्टिशन लहान-मोठं करायचा सल्ला मी नवख्या माणसाला देणार नाही, कुणी कितीही टोचून लिहिलं तरी. नव्या एसएसडीचं, म्हणजे नव्या डिस्कचं म्हणाल, तर भावाच्या लॅपटॉपसारख्या कित्येक छोट्या यंत्रांत साठवणुकीची चिप मदरबोर्डलाच झाळलेली असते. ती बदलता येत नाही. विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. अशा यंत्रासाठी अपडेटच्या वेळी पेन ड्राइव्ह तात्पुरती जागा म्हणून जोडता येतो, आणि तेही मी लिहिलं होतं. विंडोज १०ची मे २०१९ची आवृत्ती मुळातूनच असलेल्या संगणकात विंडोज सुमारे सात जीबी अपडेटसाठी आधीच राखून ठेवतं, हेही लिहिलं होतं. अर्धवट माहिती म्हणताना तुम्ही लेख अर्ध्यावर सोडला नव्हता ना, असा प्रश्न मला पडतो. उत्तर द्याच असं नाही.

आणि ‘हा तुमचा प्रांत नाही.’ प्रतिक्रियेची सुरुवात ‘ताई’ने केलीत आणि शेवट असा केलात. मला कुणी ताई म्हटलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण हाक मारून दारातच उभं करायचं असेल तर ती हाक नको. नऊ वर्षं अकरा संगणक, त्यानंतर आजवर ओळखीतल्या लोकांचे किती ते मोजलेले नाहीत. कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. माझ्याकडे पदवी नाही, हे मी पहिल्याच लेखात लिहिलं होतं आणि कधी लपवलेलं नाही. माझा प्रांत कुठला ते मला ठाऊक आहे. फोनवरून ‘ताई, लाल पट्टी दिसतेय, काय करू’ असं विचारणारी माणसं आहेत, तोवर तो माझाच प्रांत आहे, आणि तो तुम्ही मला दिलेला नाही की काढून घ्याल.

तुमची प्रतिक्रिया मी पुसलेली नाही. विरोधात लिहिलं म्हणून मी आजवर कुणाचंच काही पुसलेलं नाही. पण तिच्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ टाकली आहे: ‘इन्स्टॉलर फोल्डर रिकामं करू नका.’ कारण घाईत असलेला, अपडेट अडलेला माणूस माझा अख्खा लेख वाचणार नाही, तुमचं ‘एका मिनिटात’ मात्र नक्की वाचेल. ती ओळ तुम्हाला खटकत असेल तर मला कळवा. पण त्याआधी, मागच्या खेपेला ते फोल्डर रिकामं केल्यानंतर त्याच संगणकावरचा एखादा मोठा, जुना प्रोग्रॅम काढून बघा, आणि काय झालं ते इथे खाली लिहा.